फोटोत लपवलेला मजकूर नाहीसा का होतो?
चित्रात दडवलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की वाचता येत नाही, या तक्रारीत थोडी भर. प्रत्येक पिक्सेलच्या (चित्रातल्या ठिपक्याच्या) लाल, हिरव्या, निळ्या आकड्याचा शेवटचा बिट (० किंवा १) बदलला तर डोळ्याला कळत नाही, म्हणून मजकूर तिथे लपवतात. १००० × १००० पिक्सेलमध्ये अशी ३० लाख बिटांची जागा निघते. पण फोटो पाठवताना तो जेपेग या प्रकारात पुन्हा दाबून लहान केला जातो आणि नेमके हेच बारीक फरक पुसले जातात. पीएनजी (चित्रातलं काहीही न गाळता साठवणारा प्रकार) फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, बिट शाबूत राहतील.

मात्र लपवलं म्हणजे सुरक्षित झालं, असं कृपया समजू नका. वेस्टफेल्ड आणि फिट्झमन या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवलं की संख्याशास्त्रीय चाचणीत ही ढवळाढवळ पकडता येते. म्हणून मजकूर आधी कूटबद्ध करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा. नेटवरून उतरवलेलं चित्र तर मुळीच वापरू नका. मूळ प्रत शेजारी ठेवली की फरक लगेच उघडा पडतो.