मदत हवी आहे: आईच्या पेन्शनसाठी खासदारांच्या संपर्क कार्यालयात जावं का?

नमस्कार मंडळी,

बाबा मागच्या वर्षी गेले. ते केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले होते (खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही). आईचं कुटुंब निवृत्तिवेतन नऊ महिने झाले तरी सुरू झालेलं नाही. कारण काय, तर बाबांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आईच्या नावापुढे 'बाई' आहे आणि आधार कार्डावर नाही. शपथपत्र दिलं, लग्नाचा दाखला दिला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखलाही आणून दिला. बँक म्हणते खात्याकडून पत्र आणा, खातं म्हणतं आम्ही बँकेला कळवलंय. दोन अक्षरांपायी आई दर महिन्याला पासबुक भरून आणते आणि न बोलता कपाटात ठेवते. मला ते बघवत नाही.

शेजारचे काका म्हणाले, खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात अर्ज द्या, तिथून पत्र गेलं की फाइल हलते. पण आमच्या घरात कुणी कधी कुठल्या पक्षाच्या जवळपासही नव्हतं. त्या कार्यालयाबाहेर कायम कार्यकर्त्यांची गर्दी दिसते. आत जायला कुणाची ओळख लागते का? आधी नगरसेवकाची चिठ्ठी घ्यावी लागते का? आणि बाबांचं ऑफिस दुसऱ्या मतदारसंघात होतं, तर जायचं कुठल्या खासदाराकडे?

खरी अडचण आईची आहे. ती म्हणते, "आजवर कुणापुढे पदर पसरला नाही, आता पसरू का?" तिला काय सांगू? कुणी स्वतः गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

खासदारांकडेच जा, हे काम आमदारांच्या कक्षेतलं नाही. सातबारा, रेशनकार्ड, तहसील ही राज्याची कामं. केंद्राची पेन्शन, पासपोर्ट, रेल्वे, टपाल यासाठी खासदार. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथे गेलात तर विषय केंद्राचा आहे म्हणून परत पाठवतील. एक फेरी वाचवा.

प्रतिसाद २

मी काही वर्षं एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात टपालाचं काम पाहिलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या आईंसाठी. ते कार्यालय चालवायला खासदाराला सरकारी तिजोरीतून भत्ता मिळतो. २०२५ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार कार्यालयीन खर्चासाठी दरमहा ७५,००० रुपये, त्यातले ५०,००० संगणक जाणणाऱ्या मदतनिसाच्या पगारासाठी. मतदारसंघ भत्ता ८७,००० रुपये, तो वेगळा. म्हणजे समोर बसून तुमचा अर्ज टाइप करणाऱ्या मुलाचा पगार लोकांच्या पैशातून होतो. तिथे जाणं म्हणजे पदर पसरणं नाही, हे त्यांना माझ्या वतीने सांगा.

ओळख, चिठ्ठी काही लागत नाही. मत कुणाला दिलं हे विचारायचा कुणाला अधिकार नाही आणि आम्ही कधी विचारलंही नाही. तुम्ही जिथले मतदार, तिथला खासदार. वडिलांचं ऑफिस कुठे होतं याने फरक पडत नाही. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात, त्यामुळे मुख्य कार्यालय लांब असेल तर तालुक्याला उपकार्यालय आहे का ते विचारा. अधिवेशन चालू असेल तर खासदार दिल्लीत असतात, पण त्यासाठी थांबू नका. अर्ज स्वीय सहायकच घेतात, आणि अशा दिवशी गर्दी कमी असल्याने नीट ऐकूनही घेतात.

अर्ज एका पानाचा करा. लोक बाबांच्या नोकरीपासून सुरुवात करतात आणि मुद्दा तिसऱ्या पानावर येतो. वर पीपीओ क्रमांक, मग अडलंय नेमकं कुठे, मग कुणाच्या सहीने सुटेल. त्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि पत्ता शोधून लिहा, कारण पत्र तिथेच जायचं असतं. जाण्याआधी सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तो क्रमांक अर्जात टाका. तिथे २१ दिवसांत निवारण करण्याची मुदत आहे. आधी रीतसर तक्रार केली आहे हे दिसलं की पत्राला वजन येतं.

पत्र गेल्यावर जावक क्रमांक आणि पत्राची प्रत मागून घ्या. याची लाज बाळगू नका. खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत द्यावी आणि पुढच्या १५ दिवसांत उत्तर द्यावं, अशा केंद्र सरकारच्या सूचना सगळ्या खात्यांना आहेत. जावक क्रमांक हातात असेल तरच तुम्हाला त्या तारखा मोजता येतील.

एक मात्र खरं, खासदार खात्याला हुकूम देऊ शकत नाही, पाठपुरावा करू शकतो. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशाचा खासदार कोटा २०२२ मध्ये बंद झाला, तरी त्यानंतरही आईबाप मुलांना घेऊन यायचे आणि आम्हाला नाही म्हणावं लागायचं. तुमचं तसं नाही. हक्काचे पैसे आहेत, फक्त कागद अडलाय.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. आईला प्रतिसाद वाचून दाखवला. पगाराच्या वाक्यापाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. काल आम्ही दोघं जाऊन आलो. तासभर बसावं लागलं. सहायक ताईंनी अर्जात पदनाम चुकलं होतं ते दुरुस्त करून दिलं आणि आईला विचारलं, "काकू, नाव कुठलं ठेवायचं, आधारवरचं ना?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला.

पत्र आज निघालं, जावक क्रमांक मिळाला आहे. आता एक शंका: पंधरा दिवसांत पोच आली नाही, तर पुन्हा त्याच कार्यालयात स्मरणपत्र मागायचं, की पोच कुठे अडली हे आधी खात्यातच जाऊन विचारायचं?

प्रतिसाद २

सोळाव्या दिवशी संपर्क कार्यालयात जा. स्मरणपत्रावर आधीचा जावक क्रमांक आणि तारीख घालून घ्या. खात्यात तुम्ही एकट्याने जाऊ नका, तिथे तुम्हाला परत बँकेकडे पाठवतील.