ग्रिपरवर छापलेले पौंड सोडा, मोजलेला भार सांगा

पोलादी तार (मूळ धागा)

ग्रिपर म्हणजे मुठीची ताकद वाढवायला दाबायची, स्प्रिंगने जोडलेली दोन हँडलं; ती एकमेकांना टेकली की ग्रिपर बंद झाला. "२०० चा ग्रिपर बंद केला" या वाक्यावरून माझ्या मते काहीच कळत नाही. कोणत्या कंपनीचा २००? सुरुवातीला हँडलांत अंतर किती होतं? हे सांगितल्याशिवाय दोन माणसांची तुलना होऊच शकत नाही.

आयर्नमाइंड कंपनीचे कॅप्टन्स ऑफ क्रश ग्रिपर घ्या. १९९० पासूनची ही मालिका पुष्कळ जण मोजपट्टी म्हणून वापरतात. कंपनीचे आकडे असे: ट्रेनर १०० पौंड, क्र. १ म्हणजे १४०, क्र. २ म्हणजे १९५, क्र. ३ म्हणजे २८० आणि क्र. ४ म्हणजे ३६५. आता क्र. ३ चं एक हँडल व्हाइसमध्ये (टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात) आडवं घट्ट बसवा, वरच्या हँडलच्या टोकाला पट्टा अडकवा आणि दोन्ही हँडलं टेकेपर्यंत वजन वाढवत न्या. याला आरजीसी मोजणी म्हणतात. आकडा येतो साधारण १५० पौंडांच्या आसपास. क्र. २ चा १०५ च्या आगेमागे, क्र. १ चा ७५ ते ८०. भार टोकाऐवजी स्प्रिंगजवळ लावला की तीच स्प्रिंग मिटवायला जास्त वजन लागतं, म्हणून कुठे मोजलं हे न सांगता दिलेला आकडा अर्धवटच राहतो.

शिवाय एकाच क्रमांकाचे दोन नग सारखे नसतात. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार २ टक्के जाड निघाली तर ताठरपणा सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. १०० पौंडांच्या ग्रिपरमध्ये हा ८ पौंडांचा फरक झाला. "काल बंद झाला, आज दुसरा नग हलेना" याचं कारण बहुतेक वेळा हाताच्या ताकदीत नसून तारेत असतं.

मूठ आवळ

सहमत नाही. मोजणी बरोबर आहे, निष्कर्ष टोकाचा आहे. सराव करणाऱ्याला हवी असते पायऱ्यांची शिडी, प्रयोगशाळा नव्हे. एकाच कंपनीची मालिका धरली तर पायऱ्या चढत्या आहेत एवढं पुरतं. क्र. १ सलग १०-१२ वेळा पूर्ण बंद होऊ लागला की पुढचा घ्यायचा. इथे छापील आकड्याचा एक खरा उपयोग आहे, तो म्हणजे उडी किती मोठी आहे ते दिसतं. १४० वरून थेट १९५ म्हणजे ३९ टक्के, १९५ वरून २८० म्हणजे जवळपास ४४ टक्के. म्हणून तर १६७.५ चा क्र. दीड आणि २३७.५ चा क्र. अडीच मध्ये आले. व्हाइस नसतानाही हे समजतं.

आणि क्रमांक ही सगळ्यांना कळणारी भाषा आहे. क्र. ३ बंद करणाऱ्याला कंपनी देते त्या प्रमाणपत्राच्या यादीत १९९१ मध्ये पहिलं नाव रिचर्ड सोरिन यांचं लागलं, १९९८ मध्ये जो किनी यांनी क्र. ४ बंद केला. या नोंदी वाचताना कोणी पौंड विचारत नाही.

पोलादी तार

तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं. प्रमाणपत्राच्या नियमात नुसता क्रमांक पुरला नाही, म्हणून क्रेडिट कार्ड आणावं लागलं. दुसऱ्या हाताने ग्रिपर तळव्यात बसवताना हँडलांच्या टोकांमधलं अंतर कार्डाच्या रुंदीपेक्षा, म्हणजे ५४ मिमीपेक्षा कमी होता कामा नये. अंतर ठरवल्याशिवाय क्रमांकाला वजन नाही, हे तिथेच मान्य झालं.

एका कंपनीपुरती शिडी चालते हे मानतो. पण हेवी ग्रिप्स या दुसऱ्या मालिकेचा २०० छाप असलेला ग्रिपर कॅप्टन्स ऑफ क्रशच्या क्र. २ पेक्षा साधारणपणे सोपा जातो, जरी छापील आकडा ५ पौंडांनी जास्त असला तरी. लोक मालिका बदलतात आणि तिथेच फसतात.

तळहात

दोघेही फक्त शेवटच्या भाराबद्दल बोलताय. हाताला जाणवतो तो संपूर्ण प्रवास. पिळाच्या स्प्रिंगमध्ये भार शून्यापासून सुरू होतो आणि जवळपास सरळ रेषेत वाढतो. उघडा ग्रिपर ६५ मिमी आणि बंद होताना १०० पौंड असं धरा. ५४ मिमीवर जेमतेम १७ पौंड लागतात, २० मिमी उरले असताना ६९, आणि ६ मिमी उरले असताना ९१.

मग उघड्यापासून दाबणं इतकं अवघड का? सुरुवातीचा भार तर नगण्य आहे. अडचण बसवण्याची आहे. दुसऱ्या हाताने २० मिमीपर्यंत आणून बसवलं की बोटं हँडलभोवती आधीच पूर्ण गुंडाळलेली असतात. बसवल्याशिवाय दाबताना हँडल बोटांच्या टोकांवरून सरकत पेरांत येतं, कातडी ओढली जाते, आणि तळव्यातलं हँडल अंगठ्याच्या उंचवट्यावरून निसटतं. लहान हाताला हा त्रास दुप्पट. तेव्हा मोजलेला भार सारखा असूनही ७० मिमी उघडणारा आणि ६० मिमी उघडणारा ग्रिपर सारखे लागत नाहीत. अरुंद ग्रिपर हातात सहज येतो, पण त्याचा भार दर मिमीला जास्त वेगाने चढतो.

आता शेवटचे ६ मिमी. बोटं जितकी मिटतात तितके बोटं वळवणारे स्नायू आखूड होतात आणि जोर कमी पडतो. स्प्रिंग मात्र तिथेच सर्वांत जड. "थोडंसंच राहिलं" असं वाटणारे ५ मिमी महिनोन्‌महिने अडतात ते यामुळे. डायनामोमीटरवर ६० किलो दाखवणाऱ्याचा १३० पौंडांचा ग्रिपर बंद होईलच असं नाही, यामागेही हेच कारण आहे. ते यंत्र साधारण ५ सेमी उघड्या मुठीचा जोर मोजतं, मिटलेल्या मुठीचा नाही.

आडवी पकड

तळहात यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात बसवण्याची पद्धत जोडतो, कारण पुष्कळांचा ग्रिपर ताकदीअभावी नव्हे, चुकीच्या जागेमुळे अडतो.

स्प्रिंग वर, तर्जनीच्या बाजूला. तळव्यातलं हँडल तिरकं ठेवायचं: वरचा भाग अंगठ्याच्या मुळाशी, खालचं टोक करंगळीखालच्या उंचवट्याकडे. ते बोटांच्या मुळांकडे सरकलं तर हँडलं टेकण्याआधी बोटांची टोकं तळव्यात रुततात. अंगठ्याकडे फार गेलं तर करंगळी पोहोचतच नाही. करंगळी हँडलच्या टोकाजवळ हवी, टोकाबाहेर नको. बोटांचा जोर स्प्रिंगच्या मध्यापासून ९० मिमीवर पडत असेल आणि पकड १० मिमी वर सरकली, तर तोच ग्रिपर सुमारे साडेबारा टक्के जड होतो. एवढ्यात १०० चा ११२ झाला.

मनगट सरळ किंवा किंचित मागे. दाबताना ते पुढे वाकलं की बोटांचे स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) सैल पडतात आणि जोर जातो. खडूची, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड तळव्याला आणि बोटांच्या आतल्या बाजूला लावा. घामेजल्या हाताने खरबरीत हँडलही फिरतं.

बारबेलवाला

हे सगळं कशासाठी, हा प्रश्न कोणीच विचारत नाहीये. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा वजनांचा बार उभं राहून उचलताना) बार हातातून सुटतो म्हणून बहुतेक लोक ग्रिपरकडे वळतात. तिथे २८-२९ मिमीचा बार अर्धवट उघड्या मुठीत स्थिर धरून ठेवायचा असतो, १९ मिमीची हँडलं मिटवायची नसतात. त्यासाठी दोन्ही हात वरून धरून वजन उचला आणि शेवटच्या सेटनंतर १५-२० सेकंद धरून ठेवा. ५० मिमी जाडीचा बार असेल तर आणखी चांगलं. ग्रिपरचा आकडा मोजण्यात घातलेला वेळ इथे लावा.

मूठ आवळ

बार धरण्यासाठी बार धरावा, हे खरं. पण मूठ आवळण्याची ताकद ही स्वतःच एक साध्य असू शकते. आणि ज्याची बोटंच कच्ची आहेत, त्याला ग्रिपरचा फायदा सुरुवातीला बारवरही होतो. पुढे तो आटतो, एवढंच.

कोपरकाळजी

नव्या माणसाला जड ग्रिपरपासून दूर ठेवा, एवढंच माझं सांगणं. स्नायू लवकर तयार होतात, स्नायूबंध मागे राहतात. रोज पूर्ण जोर लावला की कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागतं आणि मग साधी किल्ली फिरवतानाही कळ येते. जड काम आठवड्यातून दोनदा पुरे. हलक्या ग्रिपरवर १०-१२ चे दोन सेट, मग जड ग्रिपरवर ५-६ एकेकटे प्रयत्न, मध्ये २-३ मिनिटं विश्रांती. शेवटी बोटांभोवती रबर बँड घालून ती बाहेर उघडायची, २०-२५ चे दोन सेट. दोन्ही हातांनी बंद करून एका हाताने ५ सेकंद रोखणं शेवटच्या ५ मिमीसाठी उत्तम आहे, पण आठवड्यातून एकाच दिवशी, तीन वेळा.

गोल बटण फिरवून ताण वाढवता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या ग्रिपरला इथे कोणी किंमत देत नाही, ते मला पटत नाही. दुखापतीनंतर आणि भरपूर पुनरावृत्त्यांसाठी ते चांगलेच. त्यांत स्प्रिंग आधीपासून ताणलेली असते, त्यामुळे पहिल्या मिलिमीटरपासून भार लागतो आणि शेवट मऊ वाटतो. त्यावरचे ६० किलो आणि पोलादी ग्रिपरचे पौंड यांची तुलना मात्र करू नये.

पोलादी तार

प्लॅस्टिकच्या ग्रिपरबद्दल मान्य. तळहात यांचा मुद्दाही मूळ धाग्यात सुटला होता, तो माझा दोष. म्हणून मागणी बदलतो: नोंद करताना नाव व क्रमांक, मोजलेला भार, उघडं अंतर आणि कुठून दाबला (उघड्यापासून, ५४ मिमी की २० मिमी) या चार गोष्टी लिहा. व्हाइस नसेल तर भाराची जागा कोरी सोडा, अंदाज भरू नका.

मूठ आवळ

अंतर आणि बसवण्याची पद्धत लिहायला तयार आहे, दोन्ही पट्टीने मोजता येतात. भार मात्र एकदा मोजून कायमचा धरू नका. नवीन स्प्रिंग सुरुवातीच्या वापरात किंचित सैलावते, मग स्थिरावते. गुंडाळीत खडू आणि घाम साचला की करकर वाढते आणि घर्षणामुळे आकडा चढा येतो. मोजण्याआधी ब्रशने गुंडाळी साफ करा, तेलाचा एक थेंब सोडा, दहा-बारा वेळा दाबा, मग वजन लटकवा.