एअर इंडियाच्या विक्रीवर तुमच्या घरात, खात्यात काय वाद झाले? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. 27 जानेवारी 2022 ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली. त्याआधी वीसेक वर्षं हा विषय संसदेत आणि युनियनच्या सभांत धुमसत होता. पक्षांची भाषणं इथे नकोत, ती सगळ्यांना पाठ आहेत. तुमच्या जवळ काय घडलं ते लिहा. बाजू घेतलीत तरी हरकत नाही.

कुवेतकरांची लेक

1990 साली बाबा कुवेतमध्ये नोकरीला होते. इराकी फौजा घुसल्यावर ते बसने अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय असे परत आले. विक्रीला बाबांचा विरोध होता तो त्यामुळे. "खासगी कंपनी आधी विचारणार, भाडं कोण भरतंय?" असं ते म्हणत. विक्रीनंतर महिनाभरातच युक्रेनमधली मुलं आणायची वेळ आली. बुखारेस्टहून मुंबईला पहिलं विमान आलं ते टाटांच्या एअर इंडियाचंच. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "सरकारने सांगितलं म्हणून गेलं ना? मग सांगणारं सरकार जागं हवं." हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. मालकी कोणाची, यापेक्षा संकटात विमान पाठवायची जबाबदारी कोणाची, हे कागदावर असायला हवं.

हिशेबनीस

मी विक्रीच्या बाजूचा. ऑगस्ट 2021 अखेर कर्ज 61,562 कोटी. टाटांची बोली 18,000 कोटींची. त्यातले 15,300 कोटी कर्जापोटी, रोख फक्त 2,700. उरलेलं 46,262 कोटींचं कर्ज एका वेगळ्या सरकारी कंपनीकडे, म्हणजे करदात्यांकडेच राहिलं. 2001 मध्ये 40 टक्के हिस्सा विकायला काढला होता, तेव्हाच व्यवहार झाला असता तर? 2018 मध्ये 76 टक्क्यांसाठी एकही बोली आली नाही. उरलेले 24 टक्के सरकारकडे ठेवून घ्यायला कोण येणार होतं?

कलिन्याची

आमच्या एअर इंडिया कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत नफातोट्याची चर्चा फार झाली नाही. विक्रीनंतर सहा महिन्यांत घरं रिकामी करायची होती. शेजारच्या काकूंचा प्रश्न एकच होता, मुलाच्या दहावीचं काय.

हँगरवाला (निवृत्त)

हिशेबनीस, आकडे मान्य. पण कर्ज झालं कसं, तेही मांडा. मी इंडियन एअरलाइन्सचा, म्हणजे मुख्यतः देशांतर्गत उड्डाणं करणाऱ्या दुसऱ्या सरकारी कंपनीचा. 2005-06 मध्ये एअर इंडिया आणि आमची, अशा दोन्ही कंपन्यांसाठी मिळून 111 विमानांची मागणी नोंदवली गेली, बहुतांशी कर्जावर. तो निर्णय हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करणाऱ्या आम्हा कामगारांच्या शेडमध्ये, झाला नव्हता. कॅगने (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) 2011 च्या अहवालात त्यावर ताशेरे ओढले. 2007 मध्ये दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण झालं, पण पगार आणि बढतीचे नियम दोन्हीकडचे वेगळेच राहिले. ते जुळवायला 2011 मध्ये न्या. धर्माधिकारी समिती नेमावी लागली. एवढं असून चर्चा झाली की बोट कामगारांकडे! 2001 मध्ये युनियनने विरोध केला, मीही केला, आणि तो योग्यच होता. नोकरीची हमी कोणी लेखी द्यायला तयार नव्हतं. 2021 च्या करारात पहिलं वर्ष कोणाला काढायचं नाही अशी अट आली. एक वर्ष थोडं आहे, पण ते आम्ही ओरडलो म्हणून मिळालं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी जरूर लिहा.