मदत हवी आहे: मेंदूतील फुग्यासाठी नव्या कॉइलच्या चाचणीस संमती द्यावी का?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहतो. माझ्या वहिनींच्या (वय 52) मेंदूतील रक्तवाहिनीवर सुमारे 8 मिमीचा फुगा असल्याचे नागपूरच्या तपासणीत आढळले. तो फुटलेला नाही. मात्र आकार आणि जागा पाहता मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन तो कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्यांनी) भरून घ्यावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. त्याच वेळी एका नव्या कॉइलच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली असून मराठी संमतीपत्र घरी वाचायला मिळाले आहे.

प्लॅटिनमच्या कॉइलची पद्धत डॉक्टर गुग्लिएल्मी यांनी 1990 च्या सुमारास सुरू केली आणि ती आता रुळलेली आहे, त्यामुळे मूळ उपचाराबद्दल आमच्या मनात शंका नाही. भरलेला फुगा काही रुग्णांत पुन्हा उघडतो आणि तेच टाळण्यासाठी नव्या कॉइल येतात, हेही समजले. परंतु जेलचा थर असलेल्या कॉइलच्या 499 रुग्णांवरील चाचणीत (2011) फुगा पुन्हा मोठ्या प्रमाणात उघडण्याचे प्रमाण कमी दिसूनही रुग्णांच्या प्रत्यक्ष प्रकृतीत ठळक फरक आढळला नव्हता, असे वाचले. तेव्हा अँजिओग्राफीचे चित्र चांगले येणे म्हणजे रुग्णाचा धोका कमी होणे, असे धरून चालावे का?

संमतीपत्रात पान 4 वर लिहिले आहे की नवी कॉइल की नेहमीची, हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखे ठरवील. म्हणजे केवळ नव्या कॉइलच्या आशेने सही करण्यात अर्थ नाही. नकार दिल्यास नेहमीचा उपचार त्याच डॉक्टरांकडे आणि तितक्याच लवकर होईल का, हे लेखी मागणे योग्य ठरेल का?

माझी खरी काळजी नंतरची आहे. फुग्याचे तोंड रुंद असल्याने स्टेंट (कॉइल आत धरून ठेवणारी जाळीची नळी) लागला, तर अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलही (दोन्ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे) काही महिने न चुकता घ्यावे लागेल आणि फेरतपासणीसाठी नागपूरला जावे लागेल. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत वहिनी स्वतःची गोळीसुद्धा विसरतात. प्रवासखर्च मिळेल असे पत्रात आहे, पण सोबत येणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा उल्लेख नाही. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र रात्री अचानक डोके दुखू लागले आणि आधी यवतमाळला न्यावे लागले, तर तिथला खर्च त्यात धरला जातो का?

चाचणीची नोंद सीटीआरआयच्या (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीच्या) संकेतस्थळावर मी पाहिली आहे, ती सापडली. इथिक्स कमिटीचा (चाचणीतील रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) फोन क्रमांकही पत्रात दिलेला आहे. आमच्यासारख्या सामान्य माणसाने तिथे थेट फोन केला तर नीट उत्तर मिळते का?

ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी अशा उपकरण-चाचणीस संमती दिली असेल, अथवा मध्येच माघार घेतली असेल, त्यांनी अनुभव कळवावा. फुगा जिरवणाऱ्या काढ्यांचे सल्ले गावात भरपूर मिळाले आहेत, ते कृपया येथे नकोत. संमतीपत्र पुढच्या आठवड्यात परत द्यायचे आहे.