अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर डिस्कब्रेकसाठी पोलादी पट्टी वेल्ड करता येईल का?

प्रश्न

माझ्या सायकलची फ्रेम ६०६१-टी६ या उष्णोपचार केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असून तिला रिमब्रेक आहेत. मागच्या चाकाला डिस्कब्रेक बसवण्यासाठी, त्या चाकापासून सीटकडे जाणाऱ्या डाव्या नळीवर, एकमेकांपासून ५१ मिलिमीटर अंतरावर दोन भोके असलेली पोलादी पट्टी वेल्ड करण्याचा माझा विचार आहे. साध्या पोलादाचे टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विजेच्या ठिणगीने, निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेले वेल्डिंग) मी काही वर्षे करीत आहे. अ‍ॅल्युमिनियमचा सराव मात्र टाकाऊ तुकड्यांवरच झाला आहे. पोलाद अ‍ॅल्युमिनियमला धरेल का? न धरल्यास अ‍ॅल्युमिनियमचीच पट्टी करून जोडली तर चालेल का?

उत्तर १

पोलादी पट्टीचा विचार कृपया सोडून द्यावा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि पोलाद १५०० अंशांच्या आसपास, पण अडचण एवढीच नाही. हे दोन धातू वितळून एकत्र आले की लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांची अत्यंत ठिसूळ संयुगे तयार होतात, आणि थंड होताना अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसत असल्यामुळे त्या ठिसूळ थराला तडे जातात. जहाजबांधणीत पोलादी डेकवर अ‍ॅल्युमिनियमचा वरचा भाग बसवताना, स्फोटाच्या दाबाने आधीच एकजीव केलेली दुहेरी पट्टी मध्ये घालून दोन्ही बाजूंना आपापला धातू वेल्ड करतात. टिगने ते साधत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नळीला वेल्ड होईल. त्यासाठी रंग पूर्ण काढावा लागतो, आणि पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर सुमारे २०७० अंशांशिवाय वितळत नसल्याने तो फोडण्यासाठी एसी प्रवाह वापरावा लागतो. ५३५६ किंवा ४०४३ ही फिलर सळई, म्हणजे जोडात वितळवून भरायची सळई, चालते.

उत्तर २

पट्टी चिकटेल हे खरे, पण नळीचे काय होईल हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ६०६१-टी६ची ताकद मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येते, आणि हे कण धातूत योग्य आकारात राहतात ते उष्णोपचारामुळे. वेल्डच्या आचेने ती रचना बिघडते आणि वेल्डशेजारच्या पट्ट्यात नळीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. म्हणूनच अशा फ्रेमा बनवताना वेल्डिंगनंतर संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून झटकन थंड करतात, वाकलेली असल्यास सरळ करतात आणि मग १७५ अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवतात. ७००५ या मिश्रधातूची बरीचशी ताकद काही आठवड्यांत आपोआप परत येते. ६०६१ला तेवढ्याने भागत नाही.

त्यातून ही जागा ब्रेकची आहे. १६० मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड केंद्रापासून साधारण ७५ मिलिमीटरवर दाबतात आणि टायर जमिनीला ३४० मिलिमीटरच्या आसपास टेकतो. म्हणजे टायरवर जितका रोधक जोर येतो त्याच्या साडेचार पट जोर कॅलिपरमार्फत (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) त्या पट्टीवर येतो, तोही प्रत्येक ब्रेकबरोबर. वारंवार येणारा ताण कितीही लहान असला तरी अ‍ॅल्युमिनियमची थकावट साठतच जाते. डागडुजी केलेल्या एका फ्रेमचा जोड मी नीट तपासला आहे: वेल्ड अखंड होता आणि तडा त्याला लागून, मऊ पडलेल्या नळीत गेला होता.

प्रश्नकर्ता

म्हणजे वेल्ड कितीही सफाईदार केला तरी उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. रिव्हनट (भोकात रिव्हेटसारखे बसवायचे आटेदार नट) किंवा क्लॅम्पने पट्टी बसवली तर आच टळेल ना?

उत्तर ३

आच टळेल, पण रिव्हनटसाठी पातळ नळीला भोक पाडावे लागते आणि क्लॅम्प नळी चेमटवतो किंवा ब्रेकखाली फिरतो. रिव्हनट बाटलीच्या पिंजऱ्यासाठी ठीक आहेत, आणि तेथेही पोलादी रिव्हनट असल्यास ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजू नये म्हणून मध्ये ग्रीस किंवा सीलंट हवे. ब्रेक मात्र त्यावर टांगू नये.

माझा सल्ला असा की मागचा रिमब्रेक राहू द्यावा आणि डिस्क पुढे घ्यावी, कारण थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मूळ रचनेतच डिस्कची बैठक असलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) घेतला तर फ्रेमला हातही लावावा लागत नाही. फक्त स्टिअररचा, म्हणजे फोर्कच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या वरच्या नळीचा, व्यास जुळायला हवा आणि आसापासून फोर्कच्या खांद्यापर्यंतची लांबी जुन्याइतकी असावी, नाहीतर हँडलचा स्वभाव बदलतो. डिस्कहबचे नवे पुढचे चाक अर्थातच लागेल. मागेही डिस्क हवीच असेल तर पोलादी फ्रेम घ्यावी: तिच्यावर अशी पट्टी चांदीच्या डाखाने ६५० ते ७०० अंशांना, म्हणजे नळी न वितळवता, बसते, आणि दोन मागच्या नळ्यांमध्ये एक आधाराची काडीही त्याच डाखाने लावता येते.

प्रश्नकर्ता

जुना फोर्क मोजला. स्टिअरर २८.६ मिलिमीटरचा आहे. मागचा ब्रेक आहे तसाच ठेवून फोर्क शोधायला लागतो.