इम्प्लांटचा पहिल्या दिवशीचा घट्टपणा आणि नंतरचा

दाताचे इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) बसवतानाच घट्ट बसले असेल, तर त्यावरच्या कॅपसाठी, म्हणजे कृत्रिम दातासाठी, तीन महिने कशाला थांबायचे, हा प्रश्न रास्त आहे. मात्र हे दोन्ही घट्टपणे मुळात वेगळे आहेत. पहिला निव्वळ यांत्रिक असतो, भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा: स्क्रूचे आटे हाडात रुतलेले असतात, एवढेच. त्यानंतर आट्यांलगतचे दाबले गेलेले, ड्रिलिंगमुळे दुखावलेले हाड शरीर स्वतःच शोषून घेते आणि त्या जागी आधी घाईने रचलेले, विस्कळीत नवे हाड येते, ज्याचे थरबद्ध व भक्कम हाडात रूपांतर व्हायला पुढे कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुना आधार ओसरलेला आणि नवा पुरेसा न आलेला, अशी नाजूक अवस्था असते. आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असल्याने रुग्ण निर्धास्तपणे त्या बाजूने चावू लागतो. या काळात इम्प्लांट सुमारे १५० मायक्रॉनहून (०.१५ मिलिमीटरहून) अधिक हलत राहिले, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होण्याचा धोका असतो.

निवडक रुग्णांत लगेच तात्पुरती कॅप बसवतात हे खरे, पण तीही बहुधा चावताना समोरच्या दाताला टेकणार नाही अशीच ठेवतात.

ड्रिलिंगच्या उष्णतेचाही एक मुद्दा आहे. हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर राहिले तरी त्याच्या भरून येण्यावर परिणाम होतो, म्हणूनच ड्रिल करताना सलाइनची धार सतत सोडलेली असते.