पांढरं जाणं: आईला दवाखान्यात न्यायचं कसं?

चोपडेकरीण:
आई ४६ वर्षांची. वर्षभर अंगावरून पांढरं जातं, वास येतो, कंबर धरते. तरी कपाशी वेचायला जातेच. विचारलं की, "सगळ्या बायास्ना जास, त्यामा काय शे?"

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास वाचला. १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. २ गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के! आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग मी एकली थोडीच शे." आता काय बोलणार?

सिस्टरताई, शहादा:
अगं, पांढरं थोडंफार जाणं नॉर्मलच असतं. पण वास, खाज, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं असलं की तपासायलाच हवं. "आतून तपासतील" याचीच लाज असते बायांना. लेडी डॉक्टर कोणत्या दिवशी असते ते आधी विचार, नि तू आत सोबत थांब. मेडिकलवाल्याकडून गोळ्या मात्र आणू नकोस.

धुळेकर:
त्याच अभ्यासात जवळपास निम्म्या बायकांची काही तक्रारच नव्हती, तरी त्यांच्यातही आजार निघाले. काकूंना तर त्रास दिसतोय.

चोपडेकरीण:
सिस्टरताई, "रक्त तपासायचंय" सांगून नेऊ का?

सिस्टरताई, शहादा:
खोटं नको. टेबलावर कळलं तर परत येणार नाही ती.